वाइन ताटाशेजारी

आपल्याकडे घरी मंडळी बसली की क्रम ठरलेला असतो. आधी पेले भरायचे, मग शेंगदाणे, फरसाण, चकली, उकडलेली अंडी असा चकणा फिरायचा. साडेदहाच्या सुमाराला कुणीतरी म्हणतं, 'चला, आता जेवून घेऊ.' तोवर भाजी गार झालेली असते आणि भूक मेलेली असते. व्हिस्की-रमच्या बैठकीची ही रीत वाइनलाही लावली जाते. मग तक्रार येते की ही आंबट आहे, तुरट आहे, हिच्यापेक्षा सरबत बरं. तक्रार खरी आहे. वाइनमधला आंबटपणा आणि तुरटपणा जेवणाशी जुळण्यासाठी असतो. जेवण काढून घेतलं की तोच मागे उरतो आणि जिभेला टोचतो.

म्हणून या लेखातला सर्वांत महत्त्वाचा सल्ला आधीच देऊन टाकते. वाइनची बाटली पानं वाढल्यावर उघडा. घोट आणि घास आलटून पालटून घ्या. एवढं केलंत तरी निम्मं काम झालं.

पुष्कळांची वाइनशी पहिली ओळख गोव्याहून आणलेल्या गोड पोर्टमुळे झालेली असते आणि वाइन म्हणजे गोड सिरप अशी समजूत तिथूनच पक्की होते. पोर्ट आपल्या जागी ठीक आहे, पण जेवणाबरोबर लागणारी वाइन वेगळी, आणि ती आपल्या दारातच तयार होते. नारायणगावात ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्राच्या मदतीने फसफसणारी वाइन बनू लागली. 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशीही गेली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाशिकजवळ सुला वायनरीच्या द्राक्षांची लागवड झाली आणि २००० साली तिची पहिली वाइन बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. आज गंगापूर धरणाच्या आसपास, दिंडोरीत, इगतपुरीकडे आणि पार सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूलाही वायनरी आहेत.

खायच्या आणि वाइनच्या द्राक्षांत फरक असतो. थॉमसन किंवा सोनाका आपण घोसाने खातो, ती बिनबियांची, पातळ सालीची. वाइनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, बियांचं. रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा त्या सालींतून आणि बियांतून येतो. या तुरटपणाला टॅनिन म्हणतात. व्हाइट वाइनमध्ये रस सालींपासून लवकर वेगळा करतात म्हणून ती फिकट राहते. युरोपात द्राक्षांचा खुडा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला होतो. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून माल जानेवारी ते मार्चमध्ये, रात्री थंड असताना काढतात. हे ग्राहकाच्या कामाचं आहे. लेबलवरचं वर्ष खुड्याचं असतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक व्हाइट आणि रोझे ताज्या असतानाच चांगल्या लागतात. दोन वर्षांहून जुनी साधी व्हाइट वाइन दुकानात उन्हाच्या बाजूला उभी दिसली तर ती घेऊ नका, दुकानदार कितीही सवलत देवो.

आता खरा धडा. तो पुस्तकातून शिकता येत नाही, जिभेवरच शिकावा लागतो, आणि त्याला एक संध्याकाळ पुरते. दोन साध्या बाटल्या आणा, व्हाइटपैकी एक सोव्हिन्याँ ब्लाँ आणि रेडपैकी एक शिराझ. एका ताटलीत पाच गोष्टी ठेवा: मीठ लावलेली लिंबाची फोड, गुळाचा खडा, हिरव्या मिरचीचा ठेचा, लोणी लावलेला भाकरीचा तुकडा आणि थोडी मेथीची भाजी. आधी दोन्ही वाइनचा नुसता एकेक घोट घ्या आणि चव लक्षात ठेवा.

मग लिंबू चाटा आणि लगेच व्हाइटचा घोट घ्या. मघाशी आंबट वाटलेली वाइन आता मऊ, फळाच्या चवीची लागेल. मिठामुळेही तिची धार कमी होते. पाण्याचा घोट घेऊन गुळाचा खडा चघळा आणि तीच वाइन प्या. ती एकदम आंबट, पातळ, जवळजवळ बेचव होऊन जाईल. पुन्हा पाणी. आता किंचित ठेचा जिभेला लावा आणि शिराझ प्या. तोंडात आग होईल, कारण अल्कोहोल तिखटाची जळजळ वाढवतं आणि टॅनिनचा कडवटपणाही वर येतो. थोडं थांबा, लोणी-भाकरीचा घास खा आणि त्याच शिराझचा घोट घ्या. तुरटपणा कमी होतो आणि दडलेला मिऱ्याचा, जांभळाचा वास वर येतो. शेवटी मेथी. तिचा कडूपणा आणि रेडचा कडूपणा एकमेकांत मिसळतो आणि दोन्ही वाईट लागतात.

एवढं एकदा करून पाहिलं की कुठल्या तज्ज्ञाचा तक्ता लागत नाही. आंबट जेवणाला निदान तितकीच आंबट वाइन हवी. गोड पदार्थाला त्याच्याहून गोड वाइन हवी. स्निग्ध, मांसल पदार्थ टॅनिन पेलतात. तिखटाला कमी अल्कोहोलची, गार, जराशी गोडसर वाइन सोसते. कडू भाज्यांशी रेड जुळत नाही. आपल्या स्वयंपाकघरात या पाचही चवी एकाच ताटात असतात, म्हणून ताटातल्या मुख्य पदार्थाकडे पाहून वाइन निवडायची आणि लोणचं, चटणी, ठेचा घोटाच्या आधी जरा बाजूला ठेवायचा. दही आणि ताक जिभेवर थर देतात, त्यांच्यानंतर वाइन मंद लागते. कढी असेल त्या दिवशी वाइनचा आग्रह नको.

माझी सगळ्यात आवडती जोडी भरली वांगी आणि शिराझ ही आहे, आणि तिचं कारणही सांगता येतं. छोटी, काटेरी देठाची वांगी घ्या, देठ ठेवून चार चिरा द्या आणि मीठ घातलेल्या पाण्यात टाका. भाजलेलं सुकं खोबरं, दाण्याचं कूट, तीळ, गोडा मसाला, चिंचेचा कोळ, गूळ, तिखट आणि मीठ कालवून सारण करा. दोनच गोष्टी नेहमीपेक्षा वेगळ्या करा, गूळ निम्मा घाला आणि तिखटाला हात आवरता घ्या. गुळाने वाइन पातळ होते हे आता तुम्हाला माहीत आहे. वांगी भरून, सढळ तेलात, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवा. तेल सुटून कडेला आलं की गॅस बंद करा आणि भाजी तासभर तशीच राहू द्या. दाण्याचा आणि खोबऱ्याचा स्निग्धपणा टॅनिन शोषून घेतो. गोड्या मसाल्यातलं दगडफूल, लवंग आणि दालचिनी शिराझच्या मसालेदार वासाला जाऊन भिडतात. वाइनने ती भाजी अधिक खोल लागते आणि भाजीने वाइन अधिक गोल. शाकाहारी जेवणाबरोबर फक्त व्हाइट चालते हा समज या एका भाजीने मोडतो.

बाकीच्या जोड्या भराभर सांगते. कोथिंबीर वडी, बटाट्याची भजी, रवा लावून तळलेले बोंबील यांच्याबरोबर फसफसणारी ब्रूट, म्हणजे गोड नसलेली, घ्या. तिचे बुडबुडे आणि आंबटपणा तळणीचं तेल जिभेवरून उचलून नेतात. सुरमई, पापलेट, तिसऱ्या यांना सोव्हिन्याँ ब्लाँ. माशाबरोबर रेड शक्यतो टाळा, विशेषतः बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर. रेडमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात धातूची, शिळ्या माशाची चव रेंगाळते. चिंच-गुळाची आमटी, आळूचं फदफदं, मसालेभात यांना जराशी गोडसर शेनिन ब्लाँ ही व्हाइट फार छान लागते. साधं वरण, भात, तूप, लिंबू यांच्याबरोबरही हीच. नारळाच्या दुधातल्या रश्श्याला, कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्श्यालाही, व्हियोन्ये नावाची सुगंधी व्हाइट मिळाली तर जरूर करून पाहा. सुकं मटण असेल तर शिराझ किंवा कॅबर्ने. काही ठरवता येत नसेल, आणि घरात चार माणसांची चार तोंडं असतील, तर गार रोझे. ती मासे, मटण, वांगी सगळ्यांशी बऱ्यापैकी निभावून नेते.

तांबडा रस्सा, सावजी मटण, खानदेशी शेवभाजी यांच्याबरोबर मात्र कुठलीच वाइन उघडू नका. त्या जेवणाचा सगळा आनंद तिखटात आहे आणि तिथे अल्कोहोल नुसती आग लावतं. त्यांच्याबरोबर कच्चा कांदा, लिंबू आणि गार पाणीच खरं. सोलकढीचंही तसंच आहे, ती मालवणी जेवणात आपलं काम पूर्ण करते, तिच्या जागी दुसरं काही आणायची गरज नसते.

पुरणपोळी, मोदक, श्रीखंड यांना लेट हार्वेस्ट म्हणून मिळणारी गोड वाइन लागते. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर वाढली की ती काढतात. एकेकाला छोट्या पेल्यात दोन-तीन घोट पुरतात. मात्र सणाच्या नैवेद्याच्या पानाशेजारी ती ठेवावी असं मी म्हणणार नाही. उरलेली पुरणपोळी दुसऱ्या दिवशी तुपावर परतून खाताना ती घ्या.

तापमानाकडे आपल्या घरांत सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हे वाक्य युरोपातल्या थंड घरांसाठी आहे. पुण्या-नागपुरात एप्रिलमध्ये खोली ३५ अंशांवर असते. त्या तापमानाला रेड वाइनचं अल्कोहोल नाकात जातं आणि बाकी काही कळत नाही. रेडची बाटली वाढण्याआधी साधारण १६ ते १८ अंशांवर येईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा; खोली इतकी तापलेली असेल तर त्याला अर्ध्या तासाहून बराच जास्त वेळ लागतो. व्हाइट आणि रोझे दोन-तीन तास आधी ठेवा, आणि वाढण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढा. अगदी बर्फगार वाइनला वासच येत नाही. पेल्यात बर्फ टाकू नका. त्याऐवजी एका पातेल्यात पाणी, बर्फ आणि मूठभर मीठ घालून त्यात बाटली उभी करा, वीसेक मिनिटांत काम होतं. न उघडलेली बाटली फ्रिजच्या डोक्यावर किंवा ओट्याखाली ठेवू नका, तिथे उष्णता असते. कपाटाचा सर्वांत खालचा, अंधारा कप्पा बरा. बूच असेल तर ती आडवी ठेवा. फिरकीचं झाकण असेल तर उभी चालते, आणि फिरकीचं झाकण म्हणजे हलकी वाइन असं अजिबात नाही.

पेल्याचा फार विचार करू नका. लांब दांड्याचे महाग ग्लास नसले तरी अडत नाही. स्टीलचं फुलपात्र मात्र नको, त्यात रंग दिसत नाही आणि तोंड रुंद असल्याने वास उडून जातो. वर थोडा निमुळता होणारा साधा काचेचा ग्लास घ्या आणि एक तृतीयांशच भरा. वरची मोकळी जागा वासासाठी असते. बाटलीचं म्हणाल तर हजार रुपयांच्या आतबाहेर रोजच्या जेवणाला शोभेल अशी देशी वाइन मिळते. दोघांपुरती ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटलीही मिळते, ती आधी विचारा.

आता माणसांविषयी, कारण यात सर्वांत जास्त चुका तिथेच होतात.

७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच पेले होतात. म्हणजे चार-पाच माणसं आणि एक बाटली हा हिशेब सुंदर आहे. एकच गप्पा चालतील, दोन तुकडे पडणार नाहीत, इतकीच माणसं बोलवा. बोलावताना आधी विचारा: गुरुवार आहे का, संकष्टी आहे का, कुणाचा श्रावण आहे का, कुणाला औषधं चालू आहेत का. घरात सासूबाई, आजोबा, काका असतील आणि त्यांना टेबलावर बाटली रुचत नसेल तर तो दिवस सोडून द्या. त्यांना पटवत बसू नका. त्यांचं घर आहे आणि वाइन पुढच्या आठवड्यातही मिळेल.

आग्रह हा आपल्या पाहुणचाराचा प्राण आहे आणि तो पोळीसाठी, भातासाठी, आणखी एका वडीसाठी जरूर करावा. पेल्यासाठी करू नये. 'घे रे, एवढ्याने काय होतंय', 'आमच्या घरी येऊन नाही म्हणतेस' ही वाक्यं वाइनच्या टेबलावर शोभत नाहीत. जो पीत नाही त्याला कारण सांगायला लावू नका. त्याच्यापुढे प्लास्टिकच्या ग्लासात कोला ठेवणं हाही अपमानच आहे. त्याच्यासाठी आमसुलं भिजवून ताजं कोकम सरबत करा, जिरं-मीठ घाला आणि इतरांच्या हातात आहे त्याच काचेच्या ग्लासात द्या. रंगाने ते रेड वाइनच्या शेजारी देखणं दिसतं, आणि बांगड्याबरोबर ते वाइनपेक्षा सरस लागतं.

आणि जी बाई, किंवा जो गडी, स्वयंपाक करतो तो टेबलावर बसला पाहिजे. आपल्या घरांत पाहुणे हसत असतात आणि कुणीतरी आत तव्यापाशी उभं राहून एकेक गरम पोळी बाहेर पाठवत असतं. ती व्यक्ती जेवते तेव्हा गप्पा संपलेल्या असतात. अशा जेवणाला संगत म्हणता येणार नाही. उपाय पदार्थांच्या निवडीतच आहे. मुरल्यावर चांगले लागतात असे पदार्थ करा: भरली वांगी, सुकं मटण, मसालेभात, उसळ. पोळ्यांच्या जागी तासभर आधी केलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या कापडात गुंडाळून ठेवा. कोथिंबीर वड्या दुपारी उकडून ठेवल्या तर तळणीला दहाच मिनिटं लागतात, आणि ते दहा मिनिटांचं काम पाहुण्यांपैकी एकाला द्या. मैत्रिणीच्या घरी कढईसमोर उभं राहायला बहुतेकांना आवडतंच. पानं एकदाच वाढा, पातेली टेबलावर आणा आणि ज्याला हवं त्याने घ्यावं. टीव्ही बंद ठेवा.

वाइन तब्येतीला चांगली असते म्हणून प्यावी असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे. वाइनमध्ये साधारण ११ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, त्यामुळे ती सरबतासारखी पिण्याची वस्तू नाही. ज्याला प्यायची नाही त्याने या लेखामुळे सुरू करू नये. गरोदरपणात, यकृताच्या आजारात, झोपेच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना आधी डॉक्टरांना विचारा. जो पितो त्याने रोज प्यावी असंही माझं म्हणणं नाही. रोजच्या जेवणाबरोबर म्हणजे सणासुदीची वाट न पाहता, एखाद्या साध्या मंगळवारी, एक पेला आणि घोटाला घोट पाणी. वय आणि परवाना यांचे राज्याचे नियम पाळा. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल आढळलं तर आपल्याकडे गुन्हा ठरतो. पण त्या मर्यादेचं गणित मांडत बसू नका, ज्याला गाडी न्यायची आहे त्याने कोकम सरबतच घ्यावं. बाकीच्यांची परतीची रिक्षा किंवा टॅक्सी कोण बोलावणार हे आमंत्रण देतानाच ठरवा.

बाटली संपवलीच पाहिजे असा काही नियम नाही. उरलेली वाइन झाकण घट्ट लावून, रेड असली तरी, फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइट आणि रेड तीन दिवस चांगल्या राहतात, फसफसणारी मात्र दुसऱ्या दिवशीच संपवावी. चवीला उतरलेली रेड मटण मुरवायला वापरता येते. पण शिजवल्याने सगळं अल्कोहोल उडून जात नाही, म्हणून ते मटण कुणाला वाढताना आधी सांगा. बरी राहिलेली शेनिन असेल तर दुसऱ्या रात्री पिठलं करा. लसणाची फोडणी, मिरची एकच, वरून कोथिंबीर, आणि भाकरीवर लोण्याचा गोळा. पिठलं सैलसर ठेवा, घट्ट झालं तर ते वाइनबरोबर कोरडं लागतं.